निबंध परत घेऊन जा

बसा. निबंध प्रत्येकापुढे ठेवले आहेत. एकावरही गुण लिहिलेले नाहीत. राहून गेले असे समजू नका; द्यायचे नाहीत असे ठरवूनच ती जागा कोरी ठेवली आहे.

'युद्ध आणि शांतता' हा अभ्यासक्रम तुमच्यापैकी कोणावर लादलेला नाही. अर्थशास्त्र, इतिहास, संख्याशास्त्र, कृषी, भौतिकशास्त्र, भूगोल, विधी अशा वेगवेगळ्या विभागांतून तुम्ही आपण होऊन आलात. प्रवेशाच्या अर्जात बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली होती: युद्धाचे प्रश्न एका विषयात मावत नाहीत, म्हणून इतरांचे विषय शिकायचे आहेत. मी त्या शब्दांवर विश्वास ठेवला आणि सत्रभरासाठी एकच प्रश्न दिला. १९४३ साली बंगालमध्ये माणसे का मेली, आणि ते मरण युद्धाच्या खात्यावर मांडायचे की नाही?

प्रश्न मी उगाच निवडला नव्हता. रणांगण ब्रह्मदेशात होते आणि माणसे मेली ती मेदिनीपूर, खुलना, बाकरगंज, ढाका, चट्टग्राम या जिल्ह्यांत आणि कलकत्त्याच्या फुटपाथांवर. सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी आयोगाने १९४५ साली पंधरा लाखांचा अंदाज दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत नेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे साडेचार लाख दगावले. म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात सर्वांत जास्त माणसे जिथे मेली, तिथे लढाई नव्हतीच. हे समजून घेण्यासाठी निदान पाच-सहा विषयांचे दरवाजे ठोठावावे लागतात. तुम्ही कोणाचे दरवाजे ठोठावलेत?

अर्थशास्त्राच्या मंडळींपासून सुरुवात करते, कारण तुमचा आत्मविश्वास सर्वांत मोठा आहे. तुम्ही अमर्त्य सेन यांचे १९८१ चे 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' वाचलेत आणि तिथेच मुक्काम ठोकलात. सेन दाखवतात की १९४३ मध्ये बंगालमधले उपलब्ध धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होते आणि १९४१ पेक्षा तेरा टक्क्यांनी जास्त होते. १९४१ साली दुष्काळ नव्हता. मग १९४३ मध्ये का? कारण मजुरी तिथेच राहिली आणि तांदूळ हाताबाहेर गेला. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला भाव पुढच्या ऑगस्टमध्ये सदतीसवर पोहोचला. शेतमजूर, मच्छीमार, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका यांच्या हातातल्या पैशाला किंमत उरली नाही. हे काम फार मोलाचे आहे. ते पाठ केल्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. दोष देते ते पुढचा प्रश्न न विचारल्याबद्दल. तो पाच टक्क्यांचा आकडा मुळात मोजला कोणी?

आपल्याकडे रयतवारी होती, म्हणून गावोगाव तलाठी होता आणि आणेवारी होती. तिच्यात खोट असेल, पण पीक डोळ्यांनी पाहणारा महसुली माणूस गावात होता. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधारा. जमीनदाराने भरायची रक्कम एकदाच ठरलेली, त्यामुळे यंदा शेतात काय उभे आहे हे पाहणारी महसुली यंत्रणा गावपातळीवर नव्हतीच. चौकीदार आणि कचेरीतले कारकून यांचे अंदाज वर सरकत आणि पुढे तेच आकडे म्हणून छापले जात. सेन यांचा निष्कर्ष यामुळे कोसळतो असे मी म्हणत नाही. पण ज्या आकड्यावर तुम्ही अख्खा निबंध उभा केलात, त्याच्या पायाशी जाऊन पाहण्याची इच्छा तुम्हाला झाली नाही. जमिनीच्या धाऱ्याचा इतिहास 'आमचा विषय नाही' म्हणून सोडून दिलात.

संख्याशास्त्राच्या मुलांनी तर तेच आकडे घेऊन त्यांच्यावर समीकरणे बसवली आहेत. उत्तरे दशांशचिन्हापुढे तीन स्थानांपर्यंत. अंदाजाने भरलेल्या रकान्यावर तीन दशांश चढवणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि तुम्ही तो जाणता, कारण नमुना आणि त्रुटी हेच तुमचे रोजचे शिक्षण आहे. त्याच काळात, त्याच बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस तागाच्या पिकाची नमुना पाहणी करून दाखवत होते. आपल्या साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या पाहणीवर काम करत होते. त्या दोघांत वाद झाला तो शेतात किती मोठा तुकडा कापून तोलायचा यावर. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला की काठावरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून येते. भात पिकला किती, या प्रश्नाचे उत्तर शेतात दोरी कशी लावली यावर अवलंबून असते. हा वाद तुमच्या विषयाचा आहे, तुमच्या भाषेतल्या माणसाचा आहे, आणि तो तुमच्या एकाही निबंधात नाही.

कृषीच्या विद्यार्थ्यांनी बुरशी पकडली. पद्मनाभन यांचा १९७३ चा लेख तुम्ही वाचला, हे चांगले केलेत. १९४२ च्या आमन, म्हणजे हिवाळी, हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला, १६ ऑक्टोबरच्या चक्रीवादळानंतरच्या दमट हवेत तो पसरला, बांकुरा आणि चिन्सुरा इथल्या संशोधन केंद्रांवर काही वाणांचे उत्पन्न निम्म्याहून खाली गेले. ठीक. पण दोन केंद्रांवरच्या वाफ्यांतून सबंध बंगालवर उडी कशी मारलीत? संख्याशास्त्राचा वर्ग तुमच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर भरतो. खाली उतरून एकदा विचारले असते तर कोणीही सांगितले असते की एवढ्यावरून एवढे म्हणता येत नाही. आणि समजा, म्हणता आले. तरी बुरशी फक्त रोप मारते. त्यानंतर कोण मरणार हे बुरशी ठरवत नाही. कलकत्त्यातल्या युद्धसाहित्याच्या कारखान्यांना आणि त्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य पुरवण्याची सोय सरकार आणि मालक यांनी मिळून केली होती. तो तांदूळ ज्या खेड्यांतून उचलला गेला तिथला भूमिहीन मजूर पायी चालत त्याच शहरात आला आणि पेजेसाठी दारोदार फिरला. हे तुमच्या निबंधात एका वाक्यानेही येत नाही. तुम्ही मेलेल्या रोपापाशी थांबलात.

भौतिकशास्त्रवाल्यांनी २०१९ चा गांधीनगरच्या आयआयटीतल्या अभ्यासकांचा शोधनिबंध घेतला. जमिनीतल्या ओलाव्याचे प्रारूप वापरून त्यांनी एकोणिसाव्या शतकापासूनचे मोठे दुष्काळ तपासले, आणि १९४३ चा दुष्काळ मातीतल्या कोरडेपणाने पडलेला नाही असे दाखवले. यावरून तुम्ही लिहिलेत: 'निसर्ग निर्दोष आहे हे सिद्ध झाले.' कोणी सिद्ध केले? माती कोरडी नव्हती एवढेच त्या प्रारूपाने सांगितले. कोरडी नसलेली माती आणि दमट हवा हीच बुरशीला हवी असते. शेजारच्या बाकावर बसलेल्या कृषीच्या मुलीला विचारायचे होते. तुम्ही दोघे पूर्ण सत्र एका खोलीत बसलात. तिच्या निबंधात रोग हे एकमेव कारण, तुमच्या निबंधात निसर्गाचा संबंधच नाही, आणि दोघांना एकमेकांच्या मताचा पत्ता नाही. हे वाचताना मला खरा राग आला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही चर्चिल यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेत. तिथे त्यांना उभे करण्याला माझी हरकत नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भारताकडून धान्याची मागणी वारंवार लंडनला गेली, आणि युद्धमंत्रिमंडळाने त्यातला थोडा भागच मंजूर केला, हे कागदोपत्री आहे. पण आरोप सिद्ध करायचा तर जहाजे मोजावी लागतात. कोणती जहाजे, किती टनांची, कुठून कुठे जाणारी, आणि ती वळवली असती तर किती दिवसांत बंगालला पोहोचली असती? 'चर्चिल्स सीक्रेट वॉर' लिहिणाऱ्या मधुश्री मुखर्जी मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. जहाजांच्या टनभारात आणि साठ्यांच्या हिशेबात शिरण्याची भीती त्यांना वाटली नाही. तुम्हाला वाटली. तुम्ही त्यांचे निष्कर्ष उचललेत आणि ज्या हिशेबातून ते आले तो मागे ठेवलात. त्या पुस्तकाशी मतभेद असणारे अभ्यासकही आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर तुमच्या हातात विशेषणांशिवाय काही नाही.

आणि याच ठिकाणी तुम्हा सर्वांच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे. चर्चिल यांच्या शेजारी जहाजांवर आणि धान्यसाठ्यांवर सल्ला देत बसलेला माणूस कोण होता? लॉर्ड चेरवेल, म्हणजे फ्रेडरिक लिंडेमन, ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या हाताखाली आकडेवारीची एक खास शाखा होती आणि तिच्यात अर्थशास्त्रज्ञ काम करत होते. पॅट्रिक ब्लॅकेट, हेही भौतिकशास्त्रज्ञ, नौदलासाठी जहाजांच्या ताफ्यांचा अभ्यास करत होते. ताफा मोठा केला तर बुडणाऱ्या जहाजांचे प्रमाण कमी होते, हे त्यांच्या गटाने गणिताने दाखवले. अमेरिकेत लॉस अलामोसला रसायन, भौतिकी, धातुविद्या, गणित एका कुंपणाच्या आत बसवले होते. युद्ध चालवणाऱ्यांनी विषयांच्या भिंती केव्हाच पाडल्या. त्यांना घाई होती, पैसा होता, आणि शेजारच्या विषयातल्या माणसाला अडाण्यासारखा प्रश्न विचारायची लाज नव्हती. ज्यांनी शांततेचा अभ्यास करायला नाव नोंदवले, ते मात्र आपापल्या विभागाच्या दाराला आतून कडी लावून बसले आहेत. असे असेल तर पुढचे युद्धही त्यांनाच समजेल, जे ते चालवणार आहेत. मरणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्याजवळ निव्वळ हळहळ उरेल.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांकडून माझी अपेक्षा सर्वांत जास्त होती, म्हणून तुमच्यावर सर्वांत जास्त बोलणार आहे. तुम्ही नकाशे सुरेख काढलेत. नद्या निळ्या, जिल्हे रंगवलेले, वादळाचा मार्ग बाणाने दाखवलेला. त्या नकाशांवर एकही होडी नाही.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. जपानी फौजा बंगालच्या किनाऱ्यावर उतरतील या भीतीने सरकारने ठरवले की शत्रूच्या हाती काही लागू द्यायचे नाही. किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून 'जादा' ठरवलेला तांदूळ उचलला गेला. दहा किंवा त्याहून अधिक माणसे वाहून नेऊ शकतील अशा होड्या ताब्यात घेतल्या, हलवल्या, फोडल्या, काही ठिकाणी बुडवल्या. हजारोंच्या संख्येने. आता त्रिभुज प्रदेशात होडी म्हणजे काय, हे सांगणे कोणाचे काम होते? तुमचे. तिथे होडी हीच सडक आहे. गाळाच्या बेटावरचे शेत कसायला शेतकरी होडीने जातो, पीक होडीने घरी आणतो, बाजाराला होडीने नेतो. मच्छीमाराचे घर तिच्यावर चालते. कुंभाराला माती आणायला आणि मडकी विकायला तीच लागते. होडी गेली की मच्छीमाराची मिळकत त्या दिवशीच संपते, आणि वर्षभरानंतर तांदूळ महागतो तेव्हा त्याच्याजवळ विकायला काही उरलेले नसते. पुढे मरणाऱ्यांत मच्छीमारांचे प्रमाण इतके मोठे का, याचे उत्तर बाजारभावाच्या तक्त्यात नाही. ते तुमच्या नकाशावर असायला हवे होते. शिवाय एका जिल्ह्यात भात आहे आणि शेजारच्या जिल्ह्यात नाही, अशी वेळ आली तेव्हा तो पोहोचवायला साधनच राहिले नव्हते. तुम्ही ही जोडणी करून दिली असती तर अर्थशास्त्रवाल्यांनी उचललेल्या सेन यांच्या ऐपतीच्या सिद्धान्ताला हाडामांसाचा आधार मिळाला असता, इतिहासवाल्यांना लंडनबाहेरचा, बंगालच्या सचिवालयातला आरोपी दिसला असता, आणि विधीच्या मुलांना खटला उभा करायला पुरावा मिळाला असता. तुमच्या एका नकाशाने सहा निबंध सुधारले असते. तुम्ही तो काढला नाहीत, कारण होड्यांची माहिती इतिहासाच्या पुस्तकांत आहे आणि ती पुस्तके तुमच्या यादीत नव्हती.

विधीच्या विद्यार्थ्यांनी जिनिव्हा करारांवर लिहिले. १९४९ चे करार १९४३ ला लावता येत नाहीत, एवढे तरी तुम्ही नमूद केलेत. मग १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधले कलम ५४ दिलेत: नागरिकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरायला मनाई. सुरक्षा परिषदेचा २०१८ चा ठराव २४१७ दिलात. पुढे निष्कर्ष असा की आजच्या कायद्याने हा गुन्हा ठरला असता. कलम ५४ तुम्ही शेवटपर्यंत वाचलेत का? त्याचे पाचवे उपकलम काढा. आक्रमणापासून स्वतःच्या भूमीचे रक्षण करणाऱ्या पक्षाला, स्वतःच्या ताब्यातल्या प्रदेशात, लष्करी निकड असेल तर जगण्याला अत्यावश्यक वस्तू नष्ट करण्यावरच्या मनाईतून सूट आहे. होड्या जप्त करणाऱ्या सरकारने हेच उत्तर दिले असते, आणि बाकरगंजचा कोळी आजच्या कायद्यानेही त्या फटीत सापडला असता. तिथून खरा प्रश्न सुरू होतो. जे सरकार तिथल्या माणसांनी निवडलेले नाही, त्याला ती भूमी 'स्वतःची' म्हणता येते का? निकड होती हे कोणी ठरवायचे? आणि याहून जवळचा प्रश्न: दुष्काळ संहिता कागदावर होती, तरी बंगाल सरकारने तिच्याखाली दुष्काळ जाहीरच केला नाही, कारण जाहीर केला की काम आणि अन्न पुरवण्याची जबाबदारी अंगावर येते. जाहीर न करणे हा कायद्याच्या दृष्टीने काय प्रकार आहे? याच्यावर एक चांगला निबंध लिहिता येतो. तुम्ही कलमांची नक्कल केलीत.

तुमच्यात वैद्यकाचे कोणी नाही. म्हणून मलेरियावर ओळ नाही, हे कारण मला चालणार नाही. डिसेंबर १९४३ मध्ये आमनचे भरघोस पीक आले. तुमच्या सगळ्यांच्या निबंधांतला दुष्काळ तिथे संपतो. माणसे मात्र मरत राहिली. दुष्काळामुळे झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त १९४३ नंतरचे आहेत, हे सेन यांनीच दाखवले आहे, त्याच पुस्तकात, जे तुम्ही वाचल्याचे सांगता. उपासमारीने खंगलेल्या शरीरांवर मलेरिया, कॉलरा, देवी तुटून पडल्या. तांदूळ आल्यावरही मरण का थांबले नाही, हे ज्याला विचारावेसे वाटले नाही त्याने दुष्काळाचा अभ्यास केला नाही, तांदळाचा केला. कलकत्ता विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ तारकचंद्र दास यांनी शहरात आलेल्या निराधारांची घरनिहाय पाहणी केली. घर सोडून पहिल्यांदा कोण निघाले, कोणाला मागे टाकले, कोणत्या जातींची आणि धंद्यांची माणसे रस्त्यावर जास्त आली, हे त्यात आहे. १९४९ पासून ते पुस्तक छापील आहे. तुमच्यापैकी एकानेही ते मागवले नाही.

आणि मुंबई? तुमच्यातले निम्मे मुंबई-ठाण्याचे आहेत. त्याच वर्षी, त्याच साम्राज्यात, बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगणाऱ्या मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस आले. मधल्या महिन्यांत काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. दोन प्रांतिक सरकारे, दोन शहरे, दोन निर्णय. तुलना करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. युद्धाचा खर्च, वाढते चलन आणि भाव यांचा हिशेब धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी यांनी पुण्यात बसून त्याच काळात मांडला; गोखले संस्थेने तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. हे तुमच्या घरचे साहित्य आहे, आणि तुम्ही त्याच्यावरून न पाहता चालत गेलात.

आतापर्यंत ज्यांच्यावर बोलले ते निदान एका जागी उभे आहेत. काही निबंध याहून वाईट आहेत. त्यांत सगळे विषय आहेत. पहिल्या पानावर बुरशी, दुसऱ्यावर चर्चिल, तिसऱ्यावर सेन, चौथ्यावर जिनिव्हा, आणि शेवटी 'समग्र दृष्टिकोनाची नितांत गरज आहे'. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट चौघांनी लिहिली आहे. ती पुन्हा माझ्यापुढे आणू नका. प्रत्येक विषयातले एक पान वाचून सहा पाने भरणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे आहे. त्यातल्या एकाही विधानाला 'कशावरून?' म्हणून विचारले तर तुम्ही गप्प बसाल. विषयांच्या सीमा ओलांडायच्या म्हणजे पुराव्याच्या अटी सैल करायच्या, असा तुमचा समज झालेला दिसतो. वास्तविक त्या दुप्पट कडक होतात. शेजाऱ्याच्या घरात शिरलात की त्याच्या घरचे नियम पाळावे लागतात, आणि स्वतःचे विसरूनही चालत नाही.

ज्यांनी हे केले त्यांनी काय सोसले, ते ऐका. लुइस फ्राय रिचर्डसन हे ब्रिटनमधले हवामानशास्त्रज्ञ, क्वेकर पंथाचे, शस्त्र न उचलणारे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमींच्या गाडीवर काम करत होते. तिथेच, फावल्या वेळात, हवेचा अंदाज गणिताने कसा करता येईल याची लांबलचक आकडेमोड त्यांनी हाताने केली. लढाईच्या धामधुमीत ते हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडले. ते पुस्तक १९२२ मध्ये निघाले. १९२० मध्ये हवामान कार्यालय हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा त्यांनी तिथली नोकरी सोडली. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एवढे झाल्यावर, पन्नाशी जवळ आलेली असताना, युद्धाकडे वळायचे म्हणून त्यांनी मानसशास्त्राची पदवी परीक्षा दिली. विद्यार्थी म्हणून दिली. रॉयल सोसायटीच्या माणसाला नवशिक्यांच्या रांगेत बसायला कमीपणा वाटला नाही; तुम्हाला वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर जायला वाटतो.

पुढे १९४० मध्ये त्यांनी नंतरची नोकरीही सोडली आणि १८२० नंतरच्या युद्धांची यादी करत बसले. एका खुनापासून महायुद्धापर्यंत प्रत्येक प्राणघातक भांडण एकाच मापावर मांडले. शेजारी देशांत लढाया जास्त होतात का हे तपासायला सीमांची लांबी हवी होती. स्पेन आणि पोर्तुगालच्या मधल्या सीमेला एका ठिकाणी ९८७ किलोमीटर लिहिले होते, दुसऱ्या ठिकाणी १२१४. तुमच्यातल्या बहुतेकांनी सरासरी काढून पुढचे पान उलटले असते. रिचर्डसन तिथे थांबले, आणि मोजपट्टी जितकी लहान तितकी सीमा लांब होत जाते हे त्यांनी दाखवले. पुढे बेन्वा मांडेलब्रो यांनी ते सूत्र उचलून भूमितीची एक नवी शाखा उभी केली. युद्धावरचे रिचर्डसन यांचे दोन्ही मोठे ग्रंथ नीट छापले गेले १९६० मध्ये. ते १९५३ मध्येच वारले होते.

आणि आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, घर पुण्यात, विषय गणित. संख्याशास्त्र हाताला वळावे म्हणून त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यातली आहत नाणी घेतली. चलनात फिरताना नाणे झिजते, म्हणून वजनातल्या फरकावरून त्यांचा काळ लावता येतो. एकेक नाणे तराजूत घालून तोलले. नाणी कोणी पाडली हे विचारायचे तर जुनी साधने वाचायला हवीत, म्हणून संस्कृतात शिरले, ते इतके की भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यातून इतिहास, आणि इतिहासासाठी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि जुन्या पायवाटा पायाखाली घातल्या. हाच माणूस जागतिक शांतता चळवळीत उभा राहिला आणि अणुशक्तीपेक्षा सूर्याची ऊर्जा या देशाला परवडेल असे ठामपणे मांडत राहिला, तेव्हा तो सर्व बाजूंनी हिशेब करून बोलत होता. त्यांचे निष्कर्ष तुम्हाला पटोत न पटोत. 'हा माझा विषय नाही' हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, आणि 'थोडेफार येते' यावर समाधानही मानले नाही.

आता काय करायचे ते लिहून घ्या. अर्थशास्त्राची मंडळी वनस्पतिरोगाच्या प्रयोगशाळेत जातील आणि तपकिरी ठिपक्यांचा रोग सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः ओळखून दाखवतील. कृषीचे विद्यार्थी मजुरी आणि तांदळाचा भाव यांचे महिनावार गुणोत्तर स्वतः काढतील. तक्ता उतरवून आणलेला चालणार नाही. इतिहासवाले एका जहाजाच्या एका फेरीचा टनभार, दिवस आणि कोळसा यांचा हिशेब करून आणतील, आणि तो भौतिकशास्त्राची मुले तपासून त्यावर सही करतील. हिशेब चुकला तर दोघांचे गुण जातील. भौतिकशास्त्रवाले त्याशिवाय चक्रीवादळानंतरच्या हवेत बुरशी कशी पसरली असेल हे कृषीच्या मुलीला विचारून समजून घेतील. संख्याशास्त्राचे विद्यार्थी तारकचंद्र दास यांचे पुस्तक मिळवतील आणि त्यातल्या कुटुंबांविषयी आकड्यांशिवाय पाच पाने लिहितील. भूगोलाने होड्यांचा नकाशा काढायचा आहे. तो झाल्याशिवाय विधीच्या मुलांनी पाचव्या उपकलमावर लेखणी उचलू नये.

नवा निबंध प्रत्येकाचा स्वतःचा असेल. त्यात दुसऱ्या विषयातले निदान एक विधान असे हवे, की त्या विषयाच्या शिक्षकापुढे उभे राहून तुम्हाला त्याचा बचाव करता येईल. शिक्षक मी बोलावणार आहे, आणि ते तुमचे लाड करणार नाहीत. ज्यांना हे जास्त वाटते त्यांनी आजच कार्यालयात जाऊन नाव कमी करून घ्यावे; शुल्क परत मिळण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. बाकीच्यांनी होड्यांपासून सुरुवात करा. वुडहेड आयोगाचा अहवाल ग्रंथालयात खालच्या मजल्यावर आहे, बाहेर नेता येत नाही, तिथेच बसून वाचावा लागेल.